करार आग्रह करत नाही

माणसाचा हात न लागता रुपयांचे युरो करण्याचा मीरा रोडमधला पहिला प्रयोग सिल्व्हर पार्कमध्ये, आमच्या जेवणाच्या टेबलावर झाला. हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतोय. हात खरोखरच लागला नाही. फक्त चार अंगठे लागले, आणि ते गोळा करताना माझं वजन दीड किलोने उतरलं.

विषय आमच्या मुलीचा, सलोनीचा होता. तिला आयर्लंडच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला होता. बारा लाखांची फी शुक्रवारी आपल्याकडचे साडेपाच वाजेपर्यंत तिकडे पोहोचली नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. बारातले सात लाख माझे, तीन उर्मिलाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, थोरल्या भावाचे आणि दोन माझ्या थोरल्या बहिणीचे. भाऊ म्हणजे भाईंदरचे ईश्वरदादा, बहीण म्हणजे पेणकरपाड्याची शेवंतीताई.

साधा माणूस अशा वेळी बँकेत जातो. मी बी.कॉम. असल्यामुळे नीरजकडे गेलो. नीरज हा उर्मिलाच्या बहिणीचा मुलगा, चलन बदलून देणाऱ्या एका नव्या कंपनीत प्रोग्रामर. त्याने मला समजावलं, की बँक मधल्या मध्ये भावात पैसे खाते, त्यापेक्षा स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट करू. हा करार कागदावर नसतो, कोडमध्ये असतो. एकच वही चौघांच्या, म्हणजे मी, उर्मिला, दादा आणि ताई यांच्या फोनवर राहणार, कुणाला गुपचूप खाडाखोड करता येणार नाही. युरो आपण ठरवलेल्या भावाला आला की करार चौघांना विचारणार, 'पैसे पाठवायचे?' चौघांचे अंगठे 'होय'वर पडले की पैसे तडक आयर्लंडला.

"काका, यातली गंमत म्हणजे कुणावर विश्वासच ठेवावा लागत नाही," नीरज म्हणाला.

नातेवाइकांशी व्यवहार करणाऱ्या माणसाला यापेक्षा गोड वाक्य ऐकायला मिळणं शक्य नव्हतं. मी बारा लाख त्या करारात टाकले. तीन वेळा विचारूनही चौघांचं 'होय' जमलं नाही, तर पैसे महिनाभर अडकून राहणार, अशी एक अट होती. मी ती वाचून हसलो होतो.

गुरुवारी संध्याकाळी युरो भावाला आला. चौघांचे फोन वाजले. मी माझ्या फोनवर अंगठा दाबला. उर्मिला कुकर लावत होती, तेव्हा तिचा फोन तिच्यापुढे धरून तिचाही अंगठा मीच टेकवून घेतला. दादांचं 'होय' आलं. आणि स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली: शेवंती, नाही.

मी ताईला फोन लावला. ती शांतपणे भाजी निवडत होती. तिचं म्हणणं असं, की पहिल्याच विचारण्याला हो म्हटलं तर माणूस हावरट दिसतो. ताई आमच्याकडे जेवायला आली तरी पहिली पोळी नको म्हणते, दुसरी नको म्हणते, आणि आपण ताट धरून बसलो की मग चार खाते. तिला वाटलं, करार पुन्हा विचारेल.

"तो आग्रह करत नाही गं ताई," मी म्हणालो.

"मग कसला मेला करार," ताई म्हणाली.

शुक्रवारी दुपारी दुसरी फेरी. या वेळी ताईला मी आधीच फोनवरून तीनदा आग्रह करून ठेवला होता. तिचं 'होय' सर्वांत पहिलं आलं. मग माझं. उर्मिला कपडे वाळत घालत होती, तिचा ओला अंगठा पुसून तोही घेतला. आणि लाल अक्षरं: ईश्वर, नाही.

दादा फोन उचलेनात. वहिनींनी उचलला. प्रकार असा झाला होता, की निरोप सगळ्यांना एकाच क्षणी सुटला, पण दादांच्या इमारतीत नेटवर्क रांगत येतं. त्यांचा फोन वाजण्याआधी ताईने त्यांना फोन करून विचारलं होतं, "तुम्हाला अजून नाही आला? मला कधीच आला." मुलीच्या सख्ख्या मामाच्या आधी आत्याला विचारलं जातं, हे दादांच्या जिव्हारी लागलं होतं. लग्नात अंतरपाटापाशी कोण उभं राहतं, असा प्रश्न ते वहिनींना तावातावाने विचारत होते.

मी नीरजला गाठलं. म्हटलं, दादांचा नकार खोड.

"काका, खोडता येत नाही, म्हणून तर हे सुरक्षित आहे. कोडला मामा कळत नाही." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आता एकच फेरी उरलीय. सांभाळून."

पावणेचार वाजले होते. सलोनी सोफ्याच्या कडेला बसून नखं खात होती.  मी खाली उतरलो, नारळ घेतला, पेढे घेतले आणि रिक्षात बसलो. जगातल्या अत्याधुनिक विनिमय पद्धतीचा पुढचा टप्पा भाईंदरला नारळ देऊन पार पडणार होता.

फाटकाजवळ रिक्षा अडकली. पोहोचलो तेव्हा पाच वाजायला आले होते. दादा झोपाळ्यावर बसून भिंतीकडे बघत होते. मी नारळ ठेवला, वाकून नमस्कार केला आणि सांगितलं, की मामाशिवाय मुलीचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही. दादा म्हणाले, आधी चहा घ्या. चहा आला, गरम होता. मी तो तसाच घशात ओतला आणि पुढचे दोन दिवस मला कशाचीच चव लागली नाही.

नीरजने तिसरी फेरी सोडली. मी दाबलं. ताईचं आलं. दादांच्या फोनवर नेटवर्क येईना, म्हणून आम्ही तिघं गॅलरीत गेलो. वहिनींनी त्यांचा हात फोनसकट गजाबाहेर धरला. पाच वाजून वीस मिनिटांनी दादांचं 'होय' गेलं.

राहिली उर्मिला. मी तिला फोन लावला आणि घाईघाईने म्हणालो, "दाब."

"काय दाबू?"

"अगं, तो अंगठा. लवकर."

"दोन वेळा माझा अंगठा धरून तुम्हीच दाबलात. मला कुणी विचारलं का, पाठवायचे की नाही?"

फोन स्पीकरवर होता. दादा माझ्याकडे बघत होते, आणि या वेळी त्यांच्या नजरेत रुसवा नव्हता, सख्खा भाऊ होता. पाच वाजून चोवीस मिनिटं. मी गॅलरीत उभा राहून, चव गेलेल्या जिभेने, बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा शब्द नीट लावून विचारलं, "उर्मिला, आपल्या सलोनीला इतक्या लांब पाठवायचं का?"

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"पाठवू या," ती म्हणाली.

पाच सव्वीसला चौथं 'होय' उमटलं. स्क्रीन हिरवी झाली. वहिनींनी पेढ्याचा पुडा फोडला. दादांनी पहिला पेढा माझ्या तोंडात घातला, आणि आता मी नीरजला फोन करून त्याच्या कंपनीचं अभिनंदन करावं असं सुचवलं.

तेवढ्यात सलोनीचा फोन आला. तिने कॉलेजला फोन करून विचारलं होतं. पैसे मिळाले होते, जागा पक्की होती. तिकडच्या बाईंनी फक्त एक गोष्ट कुतूहलाने विचारली होती, की तुम्ही युरो का पाठवलेत? भारतातली सगळी मुलं फी रुपयांत भरतात. त्यासाठी कॉलेजचं खातं मुंबईत आहे.