दिवाणसाहेबांचं उघडं दार

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांची कामं एकटा हत्तीच करायचा. त्याला दिवाणसाहेब म्हणत. काम हाती घेतलं की तो कचेरीचं दार लावून घ्यायचा आणि ते संपेपर्यंत उघडायचा नाही. बाहेर कुणी कितीही बोंबललं तरी नाही.

एकदा तो सिंहमहाराजांसाठी गळलेली पानं निवडत बसला होता. कुठलं पान कुठल्या झाडाचं, असलं काम! तेवढ्यात सशाच्या बिळात पाणी शिरलं. ससा दार ठोठावून थकला. दार उघडलं तोवर बीळ वाहून गेलं होतं.

सिंहमहाराज संतापले. हुकूम निघाला. "यापुढे मोठं काम तुकड्या-तुकड्यांनी करा. दर तुकड्यानंतर थांबा आणि विचारा, कुणाचं तातडीचं आहे का? असेल तर ते आधी."

हुकूम चांगला होता, मुलांनो. चांगल्या हुकमाचं पुढे काय होतं ते ऐका.

शेपटाबाई खारीच्या झाडावर अजगर चढू लागला. वर ढोलीत तिची पिल्लं होती. अजून डोळेही न उघडलेली. खार जिवाच्या आकांताने कचेरीकडे धावली. आणि काय आश्चर्य! दार लगेच उघडलं.

"कुणाचं तातडीचं?"

"माझं, दिवाणसाहेब! अजगर चढतोय हो झाडावर. पिल्लं आहेत माझी!"

"अरेरे! चला, बाई, चला."

हत्ती पानं टाकून निघाला. खारीचा जीव भांड्यात पडला. पण थोडं चालून हत्ती थांबला.

"आता काय झालं, साहेब?"

"एक तुकडा झाला." त्याने सोंड उंचावली. "कुणाचं तातडीचं आहे का?"

अस्वलाने पंजा वर केला. "पाठीला खाज सुटलीय. अगदी धीर धरवत नाही."

"खाजेचं कसलं आलंय तातडीचं?" खार किंचाळली.

"तुमच्या तातडीची मी झडती घेतली का, बाई?" हत्ती म्हणाला आणि अस्वलाची पाठ खाजवू लागला. अर्धी पाठ झाल्यावर थांबला. पुन्हा विचारलं. मोराला आपला पिसारा कसा दिसतो ते जाणून घ्यायचं होतं. आत्ताच्या आत्ता. मग उरलेली पाठ. मग खारीच्या वाट्याला आणखी चार पावलं. खार रडली, त्याच्या शेपटीला लोंबकळली. हत्ती रागावला नाही. तो फक्त थांबून विचारत राहिला.

अजगराला हुकूम लागू नव्हता. तो कुठे थांबला नाही. त्याने कुणाला काही विचारलं नाही.

हत्ती पोचला तेव्हा अजगर पोट फुगवून फांदीवर पसरला होता. शेपटाबाई ढोलीत शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढे दरबारात दिवाणसाहेबांचा सत्कार झाला. "आता आमच्या राज्यात कुणालाही ताटकळावं लागत नाही," महाराज म्हणाले. साक्षीला खारीला उभं केलं.

"काय बाई, दार लगेच उघडलं होतं ना?"

"हो," खार म्हणाली. "लगेच."

टाळ्या कडाडल्या. पिल्लांचं कुणीच विचारलं नाही.

तात्पर्य: आपलं काम तातडीचं असेल तर ते दिवाणसाहेबांकडे न्यावं, तिथे तत्काळ दखल घेतली जाते. ते पूर्णही व्हायला हवं असेल तर मात्र अजगराला गाठावं. सगळ्या जंगलात हाती घेतलेलं काम तडीस नेणारा तेवढा एकच आहे.