रजईवरचा लॅपटॉप

माणसं ओळखण्यात माझा हात कुणी धरत नाही! समोरचा देताना काय देतो आणि मनात काय राखून ठेवतो, हे मला चहा निवायच्या आत कळतं. आमची बायको प्रणालीच घ्या. भावाला ती जीवसुद्धा देईल. फक्त तो जीव माझा असला पाहिजे.

मेहुणा परीक्षित कोल्हापूरहून आमच्या जयपुरात नोकरीला आला. सोडाला भागात खोली मिळाली, पण ऑफिसचा लॅपटॉप महिनाभराने मिळणार होता. तोवर आमच्या दोघांपैकी एकाचा त्याला द्यायचा होता. दोन्ही एकाच कंपनीचे, पापडासारखे पातळ, चंदेरी, दिसायला जुळे.

"तुमचा द्या ना," प्रणाली म्हणाली. "तुमचा हळू चालतो."

"माझा? अगं, माझी एसएसडी डिस्क घोड्यासारखी पळते! लावूया शर्यत. जो हळू, तो परीक्षितचा."

"ठरलं!"

आता आतली गोष्ट. पातळ लॅपटॉपात हवेला जागा नसते. एसएसडी तापली की मे महिन्यातल्या कारकुनासारखी हातपाय गाळते. आणि बाहेर आमच्या मुरलीपुऱ्यात रस्त्याचं डांबर वितळत होतं! मी माझा लॅपटॉप टेबलावर, कूलरच्या बरोब्बर समोर ठेवला. प्रणालीचा दिवाणावर, घडी घातलेल्या जाड जयपुरी रजईवर. अगदी मानाने!

"मे महिन्यात रजई?"

"मऊ जागा गं. ओरखडा नको पडायला."

दोन्हीकडे वेग मोजायचा प्रोग्राम सुरू केला. काळा पडदा, त्यावर मोठा आकडा. मग चेहरा साळसूद ठेवून मी कोपऱ्यावर प्याज कचोरी आणायला गेलो.

परत आलो तेव्हा परीक्षितही येऊन बसला होता. बघतो तर काय! टेबलावरचा आकडा रजईवरच्याच्या तिप्पट! रजईवरचा नुसता धापा टाकत होता.

"बघ!" मी कचोरीची पुडी झेंड्यासारखी उंचावली. "ही एसएसडी आहे की बैलगाडी? कूलरपुढचा बघ, वारा पिऊन पळतोय! परीक्षित, उचल हा रजईवरचा!"

"दाजी, नक्की ना?"

"शब्द म्हणजे शब्द!"

"अहो, परत एकदा बघून घ्या," प्रणाली म्हणाली.

"आता माघार नाही! हरलं की मुकाट हरावं माणसानं."

परीक्षितने लॅपटॉप पिशवीत घातला, कचोरी तोंडात घातली, नमस्कार केला आणि गेला. मी विजयी मुद्रेने टेबलावरचा प्रोग्राम बंद केला. पडद्यावरच्या फोटोत सासूबाई हसत होत्या.

"हा... हा तुझा आहे?"

"हो. कूलरचे शिंतोडे उडत होते ना. म्हटलं, तुमचा भिजायला नको. म्हणून तुम्ही कचोरी आणायला गेल्याबरोबर मीच अदलाबदल केली." तिने पदराने माझ्या कपाळावरचा घाम टिपला. "माझा भिजला तर भिजला."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो! मी इथे कपट करतोय आणि ही बिचारी माझ्या वस्तूची काळजी वाहतेय! त्या मायेपुढे लॅपटॉप काय चीज आहे? मी तिला माझ्या वाटणीची कचोरीही दिली.

सोमवारी परीक्षितचा फोन आला.

"दाजी, विमान आहे हो तुमचा लॅपटॉप! ताईच्यापेक्षा वरचा आकडा दाखवतोय!"

"काय सांगतोस? आमच्याकडे तर रांगत होता."

"मी निघतानाच ताई कानात म्हणाली होती ना, खोलीवर गेल्यावर नुसता टेबलावर ठेव, तुझ्या दाजींनी रजईवर गुदमरवलाय बिचाऱ्याला!"

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. प्रणाली शांतपणे गवार निवडत होती.

ही कथा मी मोबाइलवर अंगठ्याने लिहिली आहे. शुद्धलेखन सांभाळून घ्या.