प्रथम श्रेणीची माती

शेतजमीन एकदा गेली की परत मिळत नाही, म्हणून तिचे रक्षण केले पाहिजे, हे कोणीही समंजस माणूस मान्य करील. प्रश्न एवढाच उरतो की रक्षण कोणापासून करायचे. आमच्या कार्यालयाने याचा सखोल अभ्यास केला तेव्हा असे आढळले, की शेतजमिनीच्या सर्वांत जवळ, सर्वांत जास्त वेळ आणि हातात हत्यार घेऊन वावरणारी व्यक्ती म्हणजे शेतकरी. संशय कोणावर घ्यायचा हे त्यामुळे सोपे झाले.

त्यातून शेतजमीन संरक्षण धोरण जन्माला आले. मी या धोरणाचा पहिल्यापासूनचा सेवक आहे आणि त्याच्याविषयी मला नितांत आदर आहे. धोरण असे: माती तपासायची आणि तिला श्रेणी द्यायची. माती उत्तम निघाली तर ती संरक्षित. तिच्यावर बांधकाम नाही, तिचे तुकडे नाहीत, आणि शेतकऱ्याखेरीज कोणाला विक्री नाही. (शेतकरी म्हणजे ज्याच्याकडे आधीपासून शेतजमीन आहे तो. ज्याच्याकडे नाही त्याने आधी घ्यावी, म्हणजे मग त्याला घेता येईल.) माती वाईट निघाली तर मालकाने तिचे काय वाटेल ते करावे. गुणी असेल त्याला धाक आणि वाया गेला असेल त्याला मोकळीक, हे तत्त्व मुले वाढवताना आपण घरोघरी पाळतोच.

आमच्या हद्दीत दोन सख्ख्या भावांची जमीन एकमेकांना लागून होती. वडिलांनी वाटणी केली तेव्हा बांधाच्या दोन्ही बाजूंना माती एकच होती. थोरल्याने आणि त्याच्या बायकोने आपल्या वाट्यात वर्षानुवर्षे शेण, राख, पालापाचोळा, सापडेल ते जिरवले. "वहिनी पाहुण्यांच्या ताटातलं उरलेलंसुद्धा शेतात नेते," असे धाकटा कौतुकाने सांगे. त्याचे स्वतःचे टायरचे दुकान होते. त्याच्या वाट्याची वरची माती वीटभट्टीवाला घेऊन गेला होता, आणि झालेल्या खड्ड्यांत जुने टायर मावत होते.

श्रेणी द्यायला निरीक्षकसाहेब आले. त्यांनी थोरल्याच्या शेतात गिरमिट फिरवून माती वर काढली. काळी, भुसभुशीत, गांडुळांनी वळवळणारी. साहेबांनी ती हातात चुरून हुंगली.

"ताई, काय घालता हो हिच्यात?"

"घालायचं काय? जीव घालते," थोरली म्हणाली, आणि लाजून आत चहा टाकायला गेली.

जमीन प्रथम श्रेणीत आली. 'संरक्षित' असा फलक सिमेंटमध्ये पुरण्यात आला. (फलकासाठीचे सिमेंट हे बांधकाम नव्हे.) धाकट्याच्या वाट्यात गिरमिट वाकले आणि त्याला तृतीय श्रेणी मिळाली. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. थोरली म्हणाली, "भावजी, मनाला लावून घेऊ नका." भावजींनी लावून घेतले नाही. थोड्याच दिवसांत एका गोदामवाल्या कंपनीने ती जमीन घेतली, धाकट्याच्या दुकानावर दुसरा मजला चढला, आणि खांद्यावर हात ठेवायची पाळी त्याची आली.

त्याच सुमारास थोरल्याची लेक सासर सोडून परत आली. बरोबर शिलाई मशीन होते आणि तान्ही मुलगी. का आली, हे कोणी विचारले नाही. तिच्या मनगटाकडे पाहिल्यावर विचारण्यासारखे काही उरत नव्हते. घर वस्तीत, दोन खोल्यांचे, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. मशीन चालले की बाळ रडे, बाळ निजले की मशीन बंद. तेव्हा शेताच्या कडेला एक खोली काढावी, असे थोरल्याने ठरवले आणि तो आमच्याकडे आला.

"साहेब, एकच खोली. बांधाला चिकटून."

"श्रेणी कुठली?"

"प्रथम," थोरला जरा ताठ होऊन म्हणाला.

"अरेरे," साहेब कळवळले. "गोठा हवा तर बांधा. गोठ्याला परवानगी आहे. फरशी, पंखा, पाणी, सगळं चालतं."

"मग गोठाच बांधतो. लेक राहील त्यात."

"गोठ्यात जनावर राहायला हवं."

थोरला म्हणाला, "तिच्या नवऱ्यानं तिला जनावरासारखंच ठेवलं होतं, साहेब."

"तसा दाखला आहे का?" साहेबांनी विचारले. त्यांना खरोखरच मदत करायची होती.

दाखला नव्हता. तुकडा विकून दुसरीकडे खोली घ्यावी, तर तुकडे पाडायला बंदी. सगळीच विकावी, तर घेणारा शेतकरी हवा. आणि ज्याच्याकडे एवढी जमीन घेण्याइतकी ऐपत असते तो सहसा शेतकरी नसतो. (हे माझे खासगी मत आहे, कार्यालयाचे नाही.)

मार्ग शेवटी धाकट्याने दाखवला. "दादा, श्रेणी उतरव."

"कशी?"

"मी काय केलं होतं? काही नाही. तूही काही करू नकोस."

हे थोरल्याला फार जड गेले. काम करण्याची सवय माणसाला कशी पोखरते, याचे तो चालते-बोलते उदाहरण होता. तो शेताकडे पाठ करून खाटेवर बसे आणि हात मांडीखाली दाबून धरी. बायको त्याच्याशी बोलेनाशी झाली. एक हंगाम गेला, दुसराही गेला. शेतात गवत कंबरेपर्यंत वाढले, वाळले, जागच्या जागी कुजले. मग त्याने फेरतपासणीचा अर्ज केला.

साहेबांनी गिरमिट फिरवले आणि थोरल्याला मिठीच मारली. जमिनीला अशी विश्रांती हवीच होती! शेताला 'विशेष प्रथम' श्रेणी मिळाली. संपूर्ण विभागात तशी ती एकच जमीन होती, आणि वार्षिक अहवालात तिचा रंगीत फोटो छापला आहे.

दुसऱ्या दिवशी थोरल्याने मिठाची पोती आणली आणि बांधावर रचली. पहिले पोते फोडणार तोच थोरली आली आणि त्या थप्पीवर जाऊन बसली.

"ऊठ," थोरला म्हणाला.

"नाही उठत."

"पोरीसाठीच करतोय ना?"

"पोर आपली, तशी हीपण आपलीच. एकीसाठी दुसरीला विष घालता?"

मागून लेक धावत आली, कडेवर बाळ. "बाबा, मला नको खोली. मी मशीन ओसरीत लावीन. आईला उठवू नका."

थोरला खाली बसला आणि रडला. इतकी वर्षे संसार करून बायकोने त्याला रडताना पाहिले नव्हते. तिने पदराने त्याचे तोंड पुसले, पण पोत्यांवरून उठली नाही. हे सगळे धाकटा बांधापलीकडून, गोदामाच्या कुंपणाला धरून पाहत होता. त्याच संध्याकाळी त्याने टेम्पो आणून मशीन, पाळणा आणि पुतणी आपल्या दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर नेली. भाड्याचे नाव काढले नाही. तृतीय श्रेणीच्या जमिनीत उगवलेली, माझ्या माहितीतली, ही एकमेव चांगली गोष्ट.

थोरल्याने पुन्हा नांगर धरला. इथे ही हकिगत संपली असती. पण धोरणाची व्याप्ती वाढली होती आणि आमच्या कार्यालयाला जागा अपुरी पडत होती. 'शेतजमीन संरक्षण भवन' बांधायचे ठरले. जागा रस्त्यालगत हवी, सपाट हवी आणि वादात नसलेली हवी. अशी जमीन शोधणे अवघड. पण एकीचा फोटो अहवालातच होता. सार्वजनिक हिताच्या बांधकामाला धोरण लागू नाही, ही तरतूद पहिल्यापासूनच आहे.

मात्र धोरण निर्दय नाही. जितकी शेतजमीन जाईल तितकीच दुसरीकडे निर्माण करावी, असा दंडक आहे. गावामागच्या टेकडीचा उतार शेतजमीन म्हणून निर्माण करण्यात आला. (नकाशावर हिरवा रंग देऊन. काम एका दुपारी उरकले.) तो थोरल्याला मिळाला. निव्वळ खडक. गेलेल्या जमिनीची श्रेणी 'विशेष प्रथम', म्हणून भरपाईच्या जमिनीचीही श्रेणी तीच.

"मग आता इथं तरी खोली बांधू का?" थोरल्याने विचारले.

साहेबांनी खेदाने मान हलवली. एवढी उत्तम माती!

भवनाच्या तळघरासाठी खोदाई सुरू झाली तेव्हा थोरली रोज समोर जाऊन उभी राहू लागली. ती रडत नव्हती, भांडत नव्हती, नुसती पाहत होती. निघालेली काळी माती डंपरमध्ये भरून गोदामाच्या मागच्या खड्ड्यांत टाकली जात होती, जुन्या टायरांवर. चौथ्या-पाचव्या दिवशी डंपरवाल्यानेच गाडी थांबवली.

"मावशी, एवढं काय बघता?"

"ती माती मी केलीय, दादा."

डंपरवाल्याने थोडा विचार केला आणि गाडी टेकडीकडे वळवली. जेवणाच्या सुट्टीत तो अशा खेपा टाकू लागला. पायथ्यापासून वर थोरला, थोरली आणि लेक घमेल्यांनी माती वाहत. धाकटाही दुकान बंद करून येई, धापा टाकी, पण येई. त्यांनी दगड रचून खाटेएवढे वाफे केले. सध्या तिथे मेथी आहे, आणि आमच्या भवनाच्या गच्चीवरून ती स्पष्ट दिसते.

भवनाचे उद्घाटन होऊन गेले. इमारत देखणी आहे. या हकिगतीने आपल्यासारख्या संवेदनशील वाचकाला चीड आली असेल, तर ती वाया घालवू नये. भवनात खास तक्रार कक्ष आहे. शहरातून अनेक सुशिक्षित मंडळी शेतजमिनीचा हा ऱ्हास पाहून व्यथित होऊन येतात, अगदी पोटतिडकीने बोलतात, आणि आम्ही सर्व नोंदवून घेतो. त्यांची सगळ्यात मोठी तक्रार अशी, की इथे गाडी लावायला पुरेशी जागा नाही.

तक्रार रास्त आहे. आम्ही शेजारचे शेत पाहून ठेवले आहे. माती प्रथम श्रेणीची आहे.

आपण कधी येताय? गाडी घेऊनच याल ना?