पाच सह्यांचं दार

मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार अडकलं तेव्हा सव्वादहा वाजले होते, मुख्याध्यापक आत होते आणि अकराला तपासणीच्या मॅडम यायच्या होत्या.

"काका, दार उघडा!" आतून हाक आली.

शिपाईकाकांना ते दार पक्कं ठाऊक होतं. जोरात ओढलं की अडकायचं, जरा वर उचलून धक्का दिला की उघडायचं. पण मागच्याच महिन्यात त्यांनी जिन्यातला दिवा एकट्याने बदलला आणि त्याचा लेखी खुलासा द्यावा लागला. कुठलंसं शिबिर करून आल्यापासून सरांच्या डोक्यात संघभावना शिरली होती. कुठलंही काम आधी बैठकीत, मग फॉर्मवर, फॉर्मवर पाच सह्या. या बैठकांपायी गणिताच्या बाईंचे चार धडे राहिले होते आणि परीक्षा दोन आठवड्यांवर आली होती. निकाल घसरला तर खुलासा मात्र त्यांना एकटीलाच द्यायचा होता.

"सर, फॉर्म लागेल," काका म्हणाले.

"अहो, फॉर्म कसला? मी आत अडकलोय!"

"फॉर्म तुमच्याच कपाटात आहेत. दाराखालून सरकवा की एक."

फॉर्म आला. शिक्षक जमले.

"लाथ घालू?" खेळाच्या सरांनी पाय उचलला.

"एकट्याने?" चित्रकलेच्या बाईंनी विचारलं. पाय खाली आला.

चार सह्या झाल्या. पाचवी नियमाप्रमाणे मुख्याध्यापकांची, म्हणून फॉर्म परत आत गेला.

"माझं पेन कुठाय?" आतून आवाज आला.

ते सकाळीच खेळाच्या सरांनी मागून नेलं होतं. चांगलं जाडजूड पेन. काही केल्या दाराखालून जाईना, आणि फॉर्मवर सही त्याच पेनाने, हा सरांचाच नियम.

गणिताच्या बाईंनी घड्याळ पाहिलं. "तोवर वर्गावर जाऊ या का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बैठकीला बोलावणारं बाहेर कुणीच नव्हतं. दोन मिनिटांत व्हरांडा रिकामा झाला.

अकराला मॅडम आल्या. प्रत्येक वर्गात शिक्षक होता आणि चक्क शिकवत होता. गणिताचा तर एक अख्खा धडा होत आला होता.

"मुख्याध्यापक कुठे आहेत?"

"आत आहेत," गणिताच्या बाई म्हणाल्या. "कुणाच्या कामात लुडबुड करत नाहीत."

दाराआड सरांना सगळं ऐकू येत होतं. मॅडमसमोर 'अडकलोय' म्हणायची त्यांची छाती होईना. मॅडमनी शेरा लिहिला, "शिक्षकांचं काम उत्तम. श्रेय मुख्याध्यापकांच्या संघनेतृत्वाला." आणि कुणाला त्रास न देता त्या गेल्या.

मग काकांनी दार उचलून धक्का दिला. शेरा वाचून सरांचे डोळे भरून आले.

"बघा, याला म्हणतात संघभावना! उद्या यावरच दोन तासांची बैठक घेऊ."

सगळ्यांचे चेहरे पडले. गणिताच्या बाईंनी काकांना बाजूला घेतलं.

"काका, दाराच्या दुरुस्तीचं काय झालं?"

"फॉर्म भरलाय, बाई. तुमचीच सही राहिलीय."

"राहू दे. माझे तीन धडे बाकी आहेत. उद्या सर आत गेले की दार जरा जोरात ओढून घ्या."

काका दचकले. "मी एकट्याने?"

"एकट्याने कशाला?" बाई म्हणाल्या. "आम्ही सगळे आहोत ना."