परबांच्या बत्तिशीचा प्रश्न

आमच्या तळमजल्यावरचे परब कुणाच्याही घरी गेले की पिशवीतून स्वतःचे दात काढून टेबलावर ठेवायचे.

गैरसमज नको. खरे दात तोंडातच होते, आणि ते ज्या दाटीवाटीने बसले होते ते पाहता त्यांना तिथून हलणं शक्यही नव्हतं. टेबलावर यायचा तो दातांचा प्लास्टरचा साचा, डॉक्टरने माप घेऊन बनवलेला. परबांनी तो पेढ्यांच्या रिकाम्या बॉक्समध्ये कापूस घालून ठेवला होता. माझी बायको पहिल्यांदा फसली. कुणाचं तरी लग्न जमलं असं वाटून तिने हसत बॉक्स उघडला आणि आत परबांचा जबडा निघाला. त्यानंतर आमच्याकडे महिनाभर पेढे आणले नाहीत.

"हा सुळा बघ," परब पेन्सिलीने दाखवायचे. "शेजारच्याच्या अंगावर चढलाय. खालचे चार तर एकमेकांच्या मांडीवर बसलेत. आता सांग सावंत, तार लावू की नको?"

"लावा."

"घाई नको. दोन्ही बाजूंनी विचार कर."

"मग नका लावू."

"अरे पण दातांच्या फटीत ब्रश जात नाही, हिरड्यांतून रक्त येतं, त्याचं काय?"

परबांचं वय बावन्न. विक्रोळीच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतात. तीन बहिणींची लग्नं करून दिली, स्वतःचं राहून गेलं. स्टोअरमध्ये साधा नट द्यायचा तरी तो दोनदा मोजून, बोल्टला लावून बघून देणारा माणूस. तो स्वतःचे दात असे सहजासहजी कुणाच्या हाती देणार नव्हता. एका वर्षात त्यांनी सहा डॉक्टर केले. मुलुंडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चार दात काढून जागा करू, मग दीड-दोन वर्षं तार. घाटकोपरचा म्हणाला, काढायचं काही नाही, दात थोडे थोडे घासू. तिसऱ्याने पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्या सुचवल्या, लावल्या तरी कुणाला दिसत नाहीत अशा.

"लपवायचंच असेल तर डॉक्टर कशाला?" परब म्हणाले. "ते मी शाळेपासून हातरुमालाने करतोय."

हे खरं होतं. परब हसायचे तेव्हा हातरुमाल तोंडावर जायचा आणि फक्त खांदे हलायचे. विनोद त्यांना कळला की ठसका लागला, ते आम्हाला कधी समजलं नाही.

बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी मतं दिली. पहिल्या माळ्यावरचे तांबोळकरकाका म्हणाले, "या वयात दात पडतात, परब. तुम्ही सरळ करायला निघालात." राणेवहिनींनी लवंगतेल सांगितलं. त्या कशालाही लवंगतेलच सांगतात. मी तर कहरच केला. बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मतदान लावलं: परबांनी तार लावावी का? लोकांनी हसून हसून मतं टाकली. तार लावू नये म्हणणारे सतरा, लावावी म्हणणारे चौदा. दुसऱ्या दिवशी परब गंभीर चेहऱ्याने माझ्या दारात उभे.

"फरक फार कमी आहे," ते म्हणाले. "चव्हाण गावाला गेलेत. ते आले की पुन्हा घेऊ."

अशा माणसाची टिंगल करायला वेगळं डोकं लागत नाही, आणि मी ती मनसोक्त केली. साचा दाखवायला आले की मी साच्यालाच "काय परब, चहा घेणार?" असं विचारायचो. ते रुमाल वर घ्यायचे, खांदे हलवायचे आणि पुन्हा सुळ्यावर यायचे.

त्यांची खरी अडचण मात्र वेगळीच होती. आमच्या बिल्डिंगच्या गणपतीला गाऱ्हाणं घालतात परब. कोकणातल्या लोकांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो: पूजा झाली की एकजण देवासमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. बाकी ठिकाणी सगळ्यांना सुखी ठेव म्हणून आटोपतात. परब स्टोअरवाले. ते खोलीवार जायचे.

"तांबोळकरांचो गुडघो दुखता, तो बरो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"राण्यांचो झिल दोनदा नापास झालो हा, तेका तिसऱ्या खेपेक तरी पास कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

राण्यांचा मुलगा दुसऱ्या वर्षीपासून गाऱ्हाण्याच्या वेळी गच्चीवर जाऊन बसायला लागला. माझी तर वाटच लावली होती. नाशिकला बदली व्हायची शक्यता आहे, हे मी फक्त परबांच्या कानावर घातलं होतं. त्यांनी ते थेट देवाच्या कानावर घातलं. बायको नैवेद्याचं ताट धरून "व्हय म्हाराजा" म्हणाली आणि मग तिने माझ्याकडे वळून बघितलं. बदली रद्द झाली, पण त्या वर्षीचे मोदक मला गेले नाहीत.

आता तार लावली की सुरुवातीला बोलणं अडखळणार, थुंकी उडणार, असं सहाही डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या एका मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत होतं. "देवासमोर तोंड धड चालायला हवं ना," परब म्हणायचे. मी मनात ठरवून टाकलं की हा माणूस सत्तर वर्षांचा होईपर्यंत विचार करील आणि तोवर प्रश्न आपोआप गळून पडेल.

आणि गणपतीच्या बारा दिवस आधी परब तार लावून आले.

ओठ सुजलेले, गालाच्या आत सोललेलं, वरचे-खालचे मिळून चार दात काढलेले. मुलुंडच्या बाईंचं ऐकलं म्हणायचं. दूधभात खायचे आणि बोलताना प्रत्येक शब्द ओला यायचा. त्या संध्याकाळी माझ्या हातात घडी केलेला कागद ठेवला.

"या वर्षी गाऱ्हाणं तू घाल. सगळं लिहून दिलंय."

"मी? माझं मालवणी ऐकून गणपती उठून जाईल, परब."

"तेका सगळी भाषा समजता," ते म्हणाले.

कागदावर सोळा खोल्यांची सोळा मागणी होती. कुणाचा रक्तदाब, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, राण्यांचा झिल अर्थातच. माझ्या आईचा मोतीबिंदूही होता, जो मी त्यांना सांगितल्याचं मला आठवतही नव्हतं. फक्त तळमजल्यावरची त्यांची खोली नव्हती.

"तुमचं राहिलं."

"माझा कधी नसता. सांगणाऱ्याचा गाऱ्हाणा कोण घालतलो?"

अठरा वर्षं मी त्यांच्यामागे उभा राहून "व्हय म्हाराजा" म्हणतोय आणि हे माझ्या लक्षात आलेलं नव्हतं. मी पहिल्यांदाच धड विचारलं, की वर्षभर दोन्ही बाजूंनी विचार केलात, मग अचानक झालं तरी काय?

परबांनी रुमाल काढला, तोंड पुसलं. "आमच्या कंपनीत एक बाई आल्यात, पर्चेसला. कांबळीबाई. मिस्टर नाहीत त्यांचे." तारेत अडकलेली जीभ सोडवत म्हणाले, "गेल्या महिन्यात विचारलं त्यांनी, परब, माझं काही चुकतं का? मी काही बोलले की तुम्ही रुमाल धरून तोंड फिरवता." ते जमिनीकडे बघत होते. "त्यांना वाटतं माका त्यांचो राग येता. आणि माका त्यांचा बोलणा ऐकून हसू येता रे. येवढा बरा वाटता..."

सतरा विरुद्ध चौदा माझ्या डोक्यात आलं, आणि मला स्वतःची लाज वाटली. तारेच्या बाजूने पडलेल्या मतांत माझं नव्हतं.

चतुर्थीला मी उभा राहिलो. माझं मालवणी ऐकून म्हाताऱ्या बायका पदराआड हसत होत्या. तांबोळकरांचा गुडघा झाला, राण्यांचा झिल झाला, आईचा मोतीबिंदू झाला. सोळावं मागणं संपलं तसे लोक आरतीचं ताट शोधायला लागले. परब मागे भिंतीला टेकून उभे होते, ओठ घट्ट मिटून.

"थांबा," मी म्हटलं. "बा गणपती म्हाराजा, आमच्या तळमजल्यावरच्या परबांनी अठरा वर्षां दुसऱ्यांसाठी मागल्यानी. स्वतःसाठी कायएक मागूक नाय. तेंच्या मनात जा काय असात, ता तू जाणतस. ता तेंच्या पदरात घाल रे म्हाराजा!"

बहुतेकांना काही कळलं नसावं. तरी सगळी बिल्डिंग "व्हय म्हाराजा" म्हणाली, एका दमात, आणि तो आवाज ओसरला तरी मागून एकट्याचा, उशिरा निघालेला, ओला, अडखळत आलेला "व्हय म्हाराजा" ऐकू आला. मी मुद्दाम मागे वळून बघितलं नाही.