पहिल्या रिपोर्टातली बाई

पहिला रिपोर्ट मॅरिट हॉगनने तीनदा वाचून पाहिला. अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या एका कॅन्सर हॉस्पिटलसाठी तिच्या टीमने चार वर्षं खपून सॉफ्टवेअर बनवलं होतं. रक्तातली जनुकं वाचून कुणाला कोणतं औषध लागू पडेल, हे ते डॉक्टरांना सांगणार होतं. सोमवारी खरे पेशंट यायचे होते. मुहूर्ताचं रक्त मोठ्या हौसेने संचालक व्हर्नन स्टॅडलर यांनी दिलेलं, आणि सॉफ्टवेअर म्हणत होतं, हे रक्त बाईचं आहे.

तिच्या हाताखालच्या तोऊ वांगने सकाळपासून कोडची ओळ न् ओळ पिंजून काढली. चूक सापडेना. आज पुरुषाला बाई म्हणणारं सॉफ्टवेअर उद्या कुणाला भलतंच औषध सुचवेल, या धास्तीने मॅरिटने जेवणाचा डबाही उघडला नव्हता.

तेवढ्यात स्टॅडलर तणतणत खाली आले. स्वारी विमा कंपनीतून आलेली. जनुकं वगैरे त्यांच्या गावीही नव्हतं.

"एवढं काय डोकं धरून बसलीयेस? तिथे 'पुरुष' टाईप कर की."

"नाही करणार," मॅरिट म्हणाली. "एकदा हाताने बदललं, की पुढच्या कुठल्या रिपोर्टावर विश्वास ठेवायचा?"

म्हणाली खरी, पण त्यातला धोका तिलाही माहीत होता. सोमवार हुकला तर बाहेरच्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेऊ, असं ट्रस्टींनी आधीच बजावलं होतं.

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल. तुम्ही आत्ताच परत रक्त द्या."

तोऊने नर्सला बोलावलं. तिने सुईचं टोपण काढलं मात्र, स्टॅडलरना दरदरून घाम फुटला. त्यांनी नर्सला बाहेर पाठवून दार लावून घेतलं.

"सुई नको," ते पुटपुटले. "मागच्या वेळी घरीच... माझी बायको लोर्ना नर्स आहे ना, तिने स्वतःचंच काढून दिलं. मला वाटलं, रिपोर्टात फक्त आजार दिसतात. बायको कुठे दिसणार."

सॉफ्टवेअर बरोबर होतं. मॅरिटला हसावं की रडावं कळेना. हसू लपवायला तोऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"मग झालं तर. सोमवारी सुरू करा," स्टॅडलर सावरत म्हणाले.

"गोंधळाचं कारण ट्रस्टींना कळवल्याशिवाय सुरू करायचं नाही, हा नियम तुमचाच आहे."

"पण माझं नाव..."

"छे, पेशंटचं नाव आम्ही कधीच उघड करत नाही. 'पहिला पेशंट सुईला घाबरला, म्हणून बायकोचं रक्त आलं' एवढंच लिहिते."

स्टॅडलरना हायसं वाटलं. ते लिफ्टपाशी गेले. दारावर त्यांनीच हौसेने लावून घेतलेलं पोस्टर होतं. बाही वर सारून ते स्वतः हसत होते आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पहिला पेशंट मीच.'