पानांच्या पोशाखाची व चंपूबाई तारूच्या शिक्क्याची हकिगत

श्रीगजवदनास नमन करून, वाचणाराची नजर शाबूत राहो ऐसें मागोन लेखणी चालविली जे, शके १९१८ धाता नाम संवत्सरीं मार्गशीर्ष मासीं राज्याचीं वेबपानें नऊशें जाहलीं होतीं आणि त्यांचा कारभार सिदोपंत वाकणकर पाहात होते. ते समयीं मजकूर व शृंगार एकाच पानांत कालविलेला असे. मथळा तांबडा करणें तर प्रत्येक मथळ्यापाशीं ‘तांबडा’ ऐसें हातानें लिहावें लागे. मग महाराजांची मर्जी फिरली आणि आज्ञा जाहली कीं मथळे हिरवे करणें. पंतांनीं एक्केचाळीस दिवस खपोन नऊशें पानें हिरवीं केलीं आणि मुजऱ्यास गेले, तों महाराज म्हणाले, “निळें बरें दिसतें.”

पंत घरीं येऊन दोन दिवस जेवले नाहींत. मग त्यांचें कुटुंब बोलिलें, “शाळेचा गणवेश बदलतो तेव्हां हेडमास्तर घरोघर शिवत बसतात काय? एक चिठ्ठी काढतात.” पंतांस उमज पडला आणि त्यांनीं पोशाखाचा कागद निराळा केला, त्यास स्टाईलशीट ऐसें नांव दिलें, आणि त्यांत ‘मथळे निळे’ ही एक ओळ लिहितांच नऊशें पानें एके क्षणीं निळीं जाहलीं. पंतांस शालजोडी मिळाली.

हें पाहोन सर्व खात्यांनीं आपापलीं स्टाईलशीटें काढिलीं आणि एकाच मथळ्यास चार हुकूम येऊं लागले. पंतांनीं कायदा केला कीं अधिक नेमका हुकूम चढ, सारखे असतां मागाहून आला तो चढ, आणि फारच अडचण पडल्यास ‘महत्त्वाचें’ हा शिक्का मारावा, तो सर्वांवर चढ. महिन्याभरांत सर्वच हुकुमांवर शिक्के पडले.

पुढें अठरा वर्षांनीं बारीक, फिकट करड्या अक्षरांची चाल आली आणि पाटबंधारे खात्याच्या दिवाणांनीं तीवर शिक्का मारिला. नदीवर चंपूबाई तारू नाव चालवीत असे. तिची नजर मंद, म्हणोन तिनें मोबाईलवर अक्षरें मोठीं व काळीं होण्याची सोय केली होती, ती शिक्क्यापुढें चालेना. श्रावणांत धरणाचें पाणी सोडण्याची सूचना खात्याच्या पानावर आली, ती तिला वाचतां आली नाहीं आणि नाव वाहून गेली.

मग बाई दरबारांत आली. दिवाण म्हणाले, “सूचना पानावर होती.”

“होती ना, सायेब. आता तुमीच वाचा,” म्हणोन तिनें मोबाईल पुढें केला. दिवाणांनीं चष्मा लाविला, मग खिडकीपाशीं गेले, मग मोबाईल परत केला. सिदोपंतांची मान खालीं जाहली. ते म्हणाले, “शिक्का मीच काढिला. आज मोडतों.”

बाई म्हणाली, “मोडू नका. मलाबी एक द्या.”

महाराज हांसले नाहींत. हुकूम जाहला कीं वाचणारानें शिक्का मारिल्यास तो सर्वांच्या शिक्क्यांवर चढ. दिवाण म्हणाले, “मग आमच्या शोभेचें काय?” तोंवर पंतांनीं हुकूम कायद्यांत लिहिला.

नावेच्या भरपाईविषयीं खात्याचा कागद निघाला, तो करड्या अक्षरांतच. बाईनें आपला शिक्का लावून वाचिला. आंत ‘विचार चालूं आहे’ ऐसें स्वच्छ, मोठें, काळें दिसलें. मग ती पाटबंधाऱ्याच्या दारांत तीन दिवस बसली, तेव्हां नावेचे पैसे निघाले.

जाहलें तें लिहिलें, पदरचें घातलें नाहीं. पोशाख मजकुराहून निराळा जाहला, वाचणाराचा शिक्का थोर ठरला, आणि बाईची नवी नाव पाण्यांत आहे.